भेटी : एक

केम्चीच्या वाचनालयात बोटं फुंकत
एलेओदोरो नावेल्किन येतो. नखांत माती,
रुमालात सहा बटाटे.
"यांना जगात पाठवायचंय," म्हणतो,
जणू मी पोस्टातली बाई.

आधी नाव घ्यायचं, मी सांगते, मग जागा, मग फोटो.
तो मान हलवतो
आणि विचारतो, ती जागा गळते का पावसात.

मिचुन्ये, आतून जांभळा.
ब्रुखा, म्हणजे चेटकीण.
'न'वरची नागमोडी रेघ शोधत
एकेका नावाला पंधरा मिनिटं.
सहाव्याचं नाव आठवत नाही.
"बायकोला ठाऊक होतं."
मी लिहिते : नाव हरवलं आहे.
"खोड ते. लिही, विचारून सांगतो."

कुणाला, ते मी विचारत नाही.

शेवटचं बटण : प्रकाशित करा.
बोट टेकलेलं, दाबत नाही.
"मागं घेता येतं?"
येतं. पण तोवर कुणी पाहिलं असेल तर…
"म्हणजे बोललेल्या शब्दासारखंच की,"
आणि दाबतो.

भेटी : एक.
"कोण आलंय?"
तूच.
तो टोपी काढतो, खुर्चीत नीट बसतो,
स्वतःकडे पाहुणा आल्यासारखा.

अकराव्या दिवशी वाचनालयाचा फोन वाजला.
पुन्ता आरेनासहून कुणी बाई :
तो सहावा ना, आमची आई त्याला
झोपलेलं मांजर म्हणायची.

एलेओदोरो बराच वेळ गप्प.
"हे नव्हतं ते नाव.
पण लिही.
तिच्या आईचंही नाव विचारून घे."