एक काठी अन् चार बोटं

टीव्ही घ्यायचा ठरला तेव्हा मामाजींनी
आपली काठी भिंतीला आडवी लावून पाहिली.
कोनाड्यापासून चौकटीपर्यंत
एक काठी अन् वर चार बोटं.
"याच्यापेक्षा मोठा नोको सुनबाई,
दार उघडलं का त्याले लागन."

काठी घेऊनच आर्वीला गेलो.
दुकानातल्या पोरानं त्रेचाळीस इंची दाखवला,
मामाजींनी मोजला, बरोबर बसला;
पण काठी मात्र अडतीस इंचांची भरली.
पोरगा हसला. "बाबा, टीव्ही तिरपा मोजतात."
"कायले? भिंत का तिरपी हाये?"

गावच्या पोस्टात बसून मी पाच वर्षं
लोकांच्या पासबुकांवर शिक्के मारले,
महिन्यातून एकदा माझ्याही.
तेवढ्या शिक्क्यांचा हा टीव्ही,
म्हणून मी एकच विचारत होते : किती वर्षं?
पोरगा सांगत होता रंग,
आवाज, बोलून शोधायचं रिमोट,
"अन् वॉरंटी एक वर्ष, ताई, पैसे भरले तर तीन."
वॉरंटी नव्हती विचारली मी.

आमचा जुना डबा एकोणीस वर्षं चालला.
देवळीकर मेकॅनिक सायकलवर यायचा,
मागचं झाकण काढून
दाढीच्या ब्रशनं कापसाची धूळ झाडायचा.
एकदा आतून वाळलेली पाल निघाली.
पाल काढली, चित्र आलं.
"याचं झाकण कुठून उघडतं?"
पोरानं टीव्ही वळवून पाहिला,
बहुतेक पहिल्यांदाच.
"हे उघडायचं नसते, ताई."

मागे खोक्यावर बसून एक माणूस चहा पीत होता,
कानाला पेन्सिल, बोटाला चिकटपट्टी.
तो उठला नाही, तिथूनच बोलला :
"पडदा दहा वर्षं जाते. स्टॅबिलायझर लावा फक्त,
रात्री शेतातले पंप बंद झाले का दाब चढते.
पण याचं डोकं तीन-चार वर्षांत म्हातारं होते.
मंग एकेक ॲप म्हणते,
आता आपलं जमत नाही."

"मग?"

त्यानं खिशातून बोटाएवढी काळी कांडी काढली.
"मंग मागून ही काठी लावाची.
चालाले लागते पुन्हा."

मामाजींनी ती कांडी तळहातावर घेतली,
दुसऱ्या हातात आपली, बांबूची.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग टीव्हीच्या मागे गेले, चष्मा वर केला,
अन् चित्राकडे न बघता
पाठीवरची भोकं मोजू लागले.
महागाच्या टीव्हीला दोन. कोपऱ्यातल्या साध्याला तीन.
"हा घे. याचे तीन म्हातारपणं निघतीन."

येताना खोकं ऑटोत उभं, मी दोन्ही हातांनी धरलेलं.
दहा वर्षं म्हणजे प्रणोती चोवीस वर्षांची,
शिकून कुठे तरी लांब.
दहा वर्षं म्हणजे माझे गुडघे,
आईचे होते तसे.
मामाजी समोर बसले होते,
रस्त्याला खड्डा आला की
आधी खोक्याला हात लावत होते, मग स्वतःला सावरत होते.
त्यांचा हिशेब मी केला नाही.
पासबुकात काही ओळी कोऱ्या सोडतात तसं.

रात्री सगळे सतरंजीवर.
प्रणोतीनं रिमोट त्यांच्या तोंडापाशी धरला :
"बोला आबा, काय पाहायचं?"
मामाजींनी घसा साफ केला,
टोपी नीट केली
अन् सरपंचाशी बोलावं तसं म्हणाले,
"शंकरपट लावा."

टीव्ही जरा थांबला.
मग दिसली परात, मैदा,
अन् शंकरपाळे लाटणारी एक बाई.

प्रणोती हसून लोळली, मीही.
मामाजी बैलांची वाट पाहत
बाईकडे बघत राहिले. तिनं पहिला घाणा काढला.
"शिकन बाप्पा," ते म्हणाले,
"नवा हाये अजून."