सभासदांची वही

एकतीस वर्षं ही वही माझ्याकडे आहे.
हिरवा कापडी पुठ्ठा, कडेला सायडरचा डाग,
निवडणूक जिंकल्याच्या एका रात्रीचा;
कुठली निवडणूक ते आता आठवत नाही.
दर महिन्याला वर्गणी, वर्गणीला एक तिकीट,
तिकिटाला थुंकी.
थुंकीसुद्धा पक्षालाच वाहिली म्हणा ना.

खाण बंद पडली तेव्हा वहीत नावं होती चारशे बारा.
मग पोरं हिहोनला गेली, माद्रिदला गेली,
म्हातारे चर्चमागच्या उतारावर जाऊन निजले,
आणि वहीत चारशे बाराच राहिली.
लाउदेलिनो म्हणायचा, "राहू दे रे नेल,
वरचे लोक आकडा बघून किंमत करतात."
लाउदेलिनो म्हणजे आमचा सचिव.
एकाच पाळीत खाली उतरायचो आम्ही.
माझ्या लग्नात त्याने नाचता नाचता खुर्ची मोडली होती.
पुढे त्याची खुर्ची कधी मोडली नाही.

मार्चमधल्या सभेत नोएलिया उभी राहिली,
मंचावर नाही, खाली, हीटरपाशी.
घरोघरी म्हाताऱ्यांना आंघोळ घालते ती,
हातांना कायम साबणाचा वास.
म्हणाली, "या दरीतून कोळसा खालून वर गेला,
आणि वरून खाली आले नुसते आदेश.
आता पुरे.
पहिली मागणी: वहीतून मेलेल्यांची नावं काढा."
टाळ्यांनी खिडक्या वाजल्या.
लाउदेलिनोने माझ्याकडे पाहिलं,
भुंकेल की काय अशा कुत्र्याकडे पाहतात तसं.

रात्री स्वयंपाकघरात लाल पेन घेऊन बसलो.
आवेलिनो, फुप्फुसं.
सेफेरिनो, फुप्फुसं.
साबिनो, जिवंतपणी ज्याने वर्गणी कधी वेळेवर दिली नाही,
मेल्यापासून अगदी नियमित.
पान सदतीस.
एतेल्विना.

तिची वर्गणी मीच भरत होतो, सहा वर्षं.
दोन तिकिटं चिकटवली की वाटायचं
घरात दोघं आहोत.
पण शेजारच्या रकान्यात
तीन मतदानांच्या तीन खुणा होत्या.
तिन्ही वेळा उमेदवार एकच: लाउदेलिनो.
ही बाई, जिने संपाच्या दिवसांत
आमच्याच मंत्र्याच्या गाडीवर कोबीचं उकळलेलं पाणी ओतलं,
जी आयुष्यात कधी सांगितलेल्या बाजूला वळली नाही,
ती मेल्यावर इतकी शहाणी झाली?
आणि पेटीची किल्ली कुणाकडे होती?
माझ्याकडेच होती.
त्याने मागितली, मी दिली.
कशाला हवी, विचारलं नाही.
मित्राला काय विचारायचं.

रेघ ओढली.
हात हलला, शेवटचं अक्षर तसंच राहिलं.

अठ्ठावन्न विरुद्ध एक्केचाळीस.
चौकात पोरांनी नोएलियाला उचललं,
ती ओरडली, "जनता जिंकली!"
मी मोजलं होतं. नव्व्याण्णव माणसं.
दरीत नऊ हजार राहतात.
त्या अठ्ठावन्नांत एक चिठ्ठी माझी,
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
लाउदेलिनोने कोट घातला, म्हणाला, "येतोस एक ग्लास घ्यायला?"
गेलो. दोघं गप्प बसलो.
बिल त्याने दिलं.

सोमवारी नोएलिया कचेरीत आली.
आता म्हणे वही नको, फोनवर बोट दाबलं की सभासद.
एका रात्रीत दोनशे नावं.
एकही चेहरा माझ्या ओळखीचा नाही.
"ही सगळी जिवंत आहेत ना?" मी विचारलं.
ती हसली. मग हसायची थांबली.

जाता जाता वही चाळली तिने,
सदतिसाव्या पानावर बोट थांबलं.
शेवटचे चार महिने एतेल्विनाला आंघोळ हीच घालायची.
म्हणजे सभेत बोलताना हे पान तिला माहीत होतं.
मी वाट पाहिली.
तिने माझ्या बुटांकडे पाहिलं.
"पाय सुजलेत, नेल. मीठ कमी कर," म्हणाली,
आणि किल्ली मागितली.