तोनेवालीची वही

संध्याकाळी सातला, कुताइसीच्या व्यापार शाळेत,
मी शेवटच्या बाकावर बसते.
वय सत्तेचाळीस. पुढचा अख्खा वर्ग विशीतला,
म्हणजे वर्गाचं सरासरी वय मी एकटीनेच वर ढकललेलं.
कॅल्क्युलेटरच्या आठ आणि नऊच्या फटीत पीठ अडकलंय.
पहाटे चारला तोने पेटवते मी,
मातीच्या त्या खोल भट्टीत कमरेपर्यंत वाकून
होडीसारखे शोती पाव भिंतीला थापते.
भुवया दोनदा जळल्यात. (नमुना लहान आहे, निष्कर्ष काढू नये.)

ओतिया मास्तर म्हणाले, एका आठवड्याचा खप सांगा कोणीतरी.
पोरं फोनमध्ये शिरली. मी वही उघडली.
एकशे चाळीस, दीडशे, दीडशे, एकशे साठ,
एकशे सत्तर, एकशे ऐंशी,
आणि शनिवारी पाचशे वीस.

सरासरी दोनशे दहा, ग्वान्त्साने चुटकीसरशी काढली.
दोनशे दहा!
हा आकडा माझ्या दुकानात कधी आलाच नाही,
त्याने कधी पाव घेतला नाही, उधारीही ठेवली नाही.
शनिवारी काय झालं? मास्तरांनी विचारलं.
शाल्वाच्या आईच्या मयताचं जेवण होतं.
मग मधला धरा, मास्तर म्हणाले. एकशे साठ.
मध्यक रांगेत बरोबर मधोमध उभा राहतो,
टोकाचा माणूस कितीही लांब पळाला
तरी हा जागचा हलत नाही.
आवडला मला. माझे सासरे असे होते.

नमुन्याचं मात्र मला शिकवायला नको.
एक घेवडा बोटांत चेपला की सगळी हंडी कळते.
पण आधी ढवळावं लागतं, बुडापासून.
न ढवळता वरचाच दाणा उचललात
तर वरच्या दाण्याचंच कळतं,
आणि खाली करपत राहतं.
मास्तरांनी हे माझं वाक्य फळ्यावर लिहिलं.
त्या दिवशी बाक जरा कमी टोचला.

पुलावर गिटारवाला असला की पाव जास्त खपतात, मी म्हटलं.
मास्तर हसले: कावळा बसला आणि फांदी मोडली.
तो रविवारी येतो. गिऱ्हाईकही रविवारीच येतं.

विश्वासाचं अंतर कळायला तीन तास लागले.
शंभरदा कुंपण घाला, पंच्याण्णवदा बकरी आत सापडेल;
आज घातलेलं कुंपण त्यातलंच का,
ते कोणी सांगणार नाही.
एवढ्या प्रामाणिकपणे
आजवर कोणी मला काही विकलं नव्हतं.

मग गृहपाठ आला: अख्ख्या वर्षाचा खप.
तेरा मार्चपर्यंतचे आकडे रेझोच्या हातचे,
त्याच्या साताला पोटात आडवी दांडी.
पंधरापासून माझे, दांडीविना.
मधल्या घरात काही नाही.

मास्तर पेन उचलून म्हणाले, इथे शून्य टाकू?
नको.
शून्य म्हणजे तोने पेटली, पाव भाजले,
आणि कोणी फिरकलं नाही.
त्या दिवशी तोने पेटलीच नाही.

त्यांनी का विचारलं नाही.
एवढंच म्हणाले, बरोबर. शून्य वेगळं, रिकामं वेगळं.
मग ती चौकट तशीच ठेवून
बेरजेला तीनशे चौसष्टने भागलं.
ग्वान्त्साने मान वळवून माझ्याकडे पाहिलं
आणि पुन्हा आपल्या फोनकडे.

घरी जाताना रिओनी नदी
दिव्यांखाली काळीभोर वाहत होती.
उद्या शुक्रवार. एकशे सत्तर, वर वीस,
कारण मयत कोणी आधी कळवून करत नाही.
एकशे नव्वदचं पीठ भिजवलं.
उरलेच तर पुलाखालची कुत्री आहेत,
त्यांचा अजून कोणी नमुना घेतलेला नाही.

वहीत उद्याची तारीख टाकली.
सात आला. जरा थांबले.
मग पोटात दांडी मारली.