ओला दर, कोरडा दर

ओझरला हँगरच्या भिंतीला टेकून माझी खोली.
काचेवर पाटी : फी, पावती, चौकशी.
वह्या उडू नयेत म्हणून वर
एक मेलेला स्पार्क प्लग.

दर दोन असतात, मी नव्या पोरांना सांगते.
ओला म्हणजे इंधन धरून.
कोरडा म्हणजे नुसतं विमान, तेल तुमचं.
खाणावळीचं ताट, नाहीतर कोरडा शिधा.
पोरं हसतात.
आईबाप हसत नाहीत.

हिरामण खैरनार आले अंबडहून.
तीन टेम्पो होते त्यांचे, आता दोन.
तिसरा कुठे गेला, ते मी विचारलं नाही,
पावतीपुस्तकात दिसतं.
‘डिझेलसकट की डिझेल वेगळं?’
हे त्यांनी उभा जन्म गिऱ्हाइकांना विचारलेलं,
आज त्यांना कुणीतरी विचारत होतं.

बिलावर बोट ठेवून वाचलं त्यांनी :
एक पूर्णांक तीन दशांश तास.
‘तेजल तर म्हणाली, तासभरच उडाले.’
पंखा फिरला की तास सुरू होतो, दादा,
चाकं जमिनीवर असली तरी.
त्या दिवशी लढाऊ विमानाची चाचणी होती,
आपली सगळी बारकी रांगेत थांबलेली.
अठरा मिनिटं.
सहा मिनिटांचा एक दशांश,
म्हणजे चार हजार तीनशे पन्नास.

‘नाशकात रिक्षा मीटरनं जात नाही, बाई,
आणि तुमचं उभ्या उभ्या पडतं!’
मग जरा थांबून,
‘आमच्यात याला डिटेन्शन म्हणतात.
गोडाऊनला गाडी अडली की पार्टीकडनं घ्यायचं.
इथं पार्टी मीच.’
इंधन-अधिभाराच्या ओळीवरून बोट
तसंच पुढे गेलं. ती ओळ त्यांना कळत होती.

बाहेर तेजल पंखाखाली वाकलेली.
झडपेतून नळीभर इंधन काढलं,
उन्हात धरून बघितलं.
‘निळं असतं?’ ते खिडकीतूनच म्हणाले.
असतं. पाणी शिरलंय का, बघतेय ती.
‘आणि एवढ्याचे किती?’
एवढ्याचे लिहीत नाही.
पहिल्यांदा त्यांनी खुर्ची ओढली.

अकरा वर्षं मी दशांश लिहिते.
एकदाही बसले नाही वर.
कुणी विचारलं तर सांगते, कान दुखतात.

पंखा फिरला. हिरामण यांनी घड्याळ पाहिलं,
कुंपणापाशी गेले, पुन्हा पाहिलं.
विमान चामर लेण्यांच्या अंगाला वळलं
आणि ठिपका झालं,
तेव्हा मनगट खाली आलेलं होतं,
तोंड थोडं उघडं.

ती उतरली, हेडफोनचा वळ केसांवर घेऊन.
मी मीटरचा आकडा घ्यायला उठले, तर मागून आवाज :
‘नऊ दशांश. चोपन्न मिनिटं.
तेरा हजार पन्नास. बघा.’

मीटरही तेच म्हणत होतं.
घड्याळ नेमकं कधी पाहिलं यांनी,
कोण जाणे.
मी शिक्का मारला,
शाई जरा ओली होती,
त्यांनी पावतीवर फुंकर घातली
आणि घडी न घालता नेली.