मयताची वही

जुलैत सात जण आले, चिल्वा तलावाच्या काठी.
एकसारखे निळे सदरे, पाठीवर पिवळ्या अक्षरांत वचन,
आणि पेटीभर चष्मे, सगळे लांबचं दिसायचे.
आमच्या म्हाताऱ्यांना सुईत दोरा ओवायचा होता.
मी दुभाष्या. दिवसाला चार हजार क्वाचा आणि दुपारचं जेवण.
अशा टोळ्या अकरा वर्षं पाहतोय.
शाळेची भिंत यांनी रंगवली ती गेल्या वर्षीच्या रंगावर.
खरवडलं तर खाली हिरवा, त्याखाली गुलाबी.

त्यांच्यातला धाकटा गॅरेट.
पहिलाच प्रवास. धुतलेले हात पुन्हा धुणारा.
रविवारी साक्ष द्यायची पाळी त्याची.
आदल्या रात्री कागद वाचून दाखवला मला,
तीन मुद्दे, एक विनोद.
विनोद मी बदलूनच ठेवला होता.

पण उभा राहिला आणि कागद उघडलाच नाही.
म्हणाला, माझा भाऊ ओवेन
फेब्रुवारीत तळ्यावर चालत होता.
मी सांगितलं, याचा भाऊ तळ्यावर चालत होता.
पोरं हसली.
पाण्यावर चालणारा एकच आम्हाला ठाऊक.
म्हणाला, आणि बर्फ फुटला.
आता बर्फ कुठून आणू?
आमच्याकडे बर्फ म्हणजे
बाजारातल्या फ्रिझरमधली पिशवी.
मी म्हणालो, तळं वरून वाळलं होतं, आत ओलं होतं.

मागून म्हातारा नाझोम्बे ओरडला,
कळलं!
चिल्वा आटला त्या वर्षी
आम्हीही चाललो की त्याच्यावरून,
होड्या काठाला उताण्या,
वर खपली, खाली रेंदा.
त्याची गाय गेली होती शिंगांपर्यंत
आणि धाकटा मेव्हणा, गाईला काढायला म्हणून.

मग गॅरेट अजून एक वाक्य बोलला.
हळू, माझ्याकडे बघत,
जणू चर्चमध्ये दुसरं कोणी नाही.
त्यांचा पुढारी बुटांकडे बघू लागला.
बाकीचे सगळे माझ्या तोंडाकडे.
मी म्हणालो,
तो म्हणतोय, भावाला जाऊन पाच महिने झाले.

खोटं नव्हतं.
त्यानं म्हटलेलं नव्हतं, इतकंच.

माई एनिफा उठली. कमरेचं चितेंजे सोडून पुन्हा घट्ट कसलं,
वेदीसमोर चटई टाकली
आणि मनगटाला धरून त्याला खाली बसवलं.
बायका भोवती बसल्या.
आमच्यात कोणी रड म्हणत नाही,
रडू नको असंही नाही.
पाळक काही बोलायला गेले, माईनं नुसता हात वर केला.
प्रवचन तसंच राहिलं.

दुपारी डायसन वही घेऊन आला, मयताची.
वर लिहिलं: ओवेन, परगावच्या तळ्यावरचा.
खाली नाझोम्बे, दोनशे.
विधवा चिसाले, मक्याचं पीठ, एक ताट.
शाळेची पोरं मिळून सत्तर.
सुकी मासळी एक टोपली, नाव सांगू नका म्हणाली.

पुढारी घाबरला. या लोकांकडून कसे घ्यायचे?
परत करतो म्हणावं, नम्रपणे.
मी भाषांतर केलंच नाही, मीच उत्तर दिलं:
मयताचे पैसे परत करणं म्हणजे
दुसरं मयत मागणं.
असं काही आमच्यात नाही. वेळेला सुचलं.

पीठ विमानात नेता येईना,
तर गॅरेटनं माईच्या चुलीवर न्सिमा घोटली.
गाठीच गाठी. सगळ्यांनी खाल्ली.
वहीतलं पान मागितलं त्यानं.
डायसन म्हणाला, पान फाडत नाहीत, उतरवून घे.
अंधार पडेपर्यंत बसला उतरवत,
एकेका नावाचा उच्चार विचारत.

ते वाक्य अजून माझ्यापाशी आहे.
चारच शब्द, सोपे.
परवा पहाटे होडी पाण्यात लोटताना
आमच्या भाषेत पुटपुटून पाहिलं.
नाझोम्बे म्हणाला, काय?
म्हटलं, काही नाही.
ढकल.