तीन कमी

एकोणतीस डिसेंबर, ट्रॉम्सो.
सकाळचे नऊ वाजलेत, म्हणजे रात्रच आहे;
सूर्य नोव्हेंबरात रजेवर गेला तो अजून आलेला नाही.
आइलर्ट क्वेन्सेट, वय एकसष्ट,
कानात यंत्रं बसवून देणारा माणूस,
खिडकीपाशी रिकामी बॅग घेऊन उभा.
आज त्याला कुठेच जायचं नाही.
फक्त जाऊन यायचंय.

वर्षभराची उड्डाणं भरली चाळीस,
सोनेरी कार्डाला लागतात पंचेचाळीस,
आणि एकतीसच्या मध्यरात्री कंपनी पाटी पुसते.
मग पुन्हा शून्य. पुन्हा चंदेरी.
पुन्हा काचेच्या दाराबाहेरून बघायचं
आतल्या लोकांचं माशांचं गरम सूप.

तशी भरली असती.
पण तिकिटालाही कुळी असते.
वाय अक्षराचं तिकीट खानदानी,
बी आणि एम त्याच्या भावकीतले,
आणि ओ?
ओला कोणी ओ देत नाही.
खुर्ची तीच, कॉफी तीच, ढगसुद्धा तेच,
पण ऑगस्टात स्वस्त पाहून त्याने आठ ओ घेतली.
आठ वेळा तो आकाशात होता
आणि हिशेबात जमिनीवर.

म्हणून आज हे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारं विमान,
पंख्याचं, एकोणचाळीस खुर्च्यांचं,
जरा उडालं की टेकणारं:
हास्विक, हामरफेस्ट, होनिंग्सवोग,
मेहाम्न, बेर्लेवोग, वाड्सो.
बोटांवर मोजली, सहा झाली.
पाच लागतात;
सहावं वाऱ्याच्या नावाने वरकड.

हास्विकचे दिवे वर आले.
धक्क्याजवळच्या पिवळ्या खिडकीत बोर्गिल राहते.
यंत्र घातल्याबरोबर तिने दचकून विचारलं होतं,
घरात कोण आलंय?
फ्रिज होता. बावीस वर्षांपासूनचा.

होनिंग्सवोगचा एक म्हातारा मच्छीमार
दोन दिवसांत यंत्र परत घेऊन आला होता.
म्हणाला, माझ्या आठवणीतला समुद्र
याच्यापेक्षा मोठ्याने बोलायचा.
पैसे परत मागितले नाहीत.

पुढच्या वर्षी यंत्रं फोनवरूनच जुळवायची आहेत,
ओस्लोतून, एका पोरीने, हेडफोन लावून.
जानेवारीपासून आइलर्टला एकही फेरी नाही.
मग सोनेरी कार्ड घेऊन तो जाणार कुठे,
हे त्याला कोणी विचारलेलं नाही,
त्याने स्वतःही.

मेहाम्नला वारा होता. विमान थांबलं.
इथे इसाक सामान चढवतो,
आग लागली तर तोच विझवतो,
वॅफलही तोच भाजतो.
आइलर्टचा कागद पिठाच्या हाताने धरून म्हणाला,
"क्रमांक एकच आहे हो शेवटपर्यंत.
किती वेळा टेकलात ते चाकांना माहीत.
कंपनी एकच उड्डाण धरते."

जातानाचं एक. येतानाचं एक.
बेचाळीस.
"तीन कमी," आइलर्ट म्हणाला,
जरा मोठ्याने,
स्वतःला नीट ऐकू जावं म्हणून.
मग हसला, आणि वॅफलवर जॅम मागितला.

वारा उतरेना.
कोपऱ्यात इसाकचा बाप बसला होता, हागबार्ट,
त्याच्या उजव्या कानातून बारीक शिट्टी येत होती
आणि सगळ्या खोलीला ऐकू जात होती,
त्याला सोडून.
आइलर्टने सवयीने बॅग उघडली.
मिटली.
टेबलावरच्या कागदाची टाचणी काढून सरळ केली,
यंत्राच्या नळीतला मळ उकरला,
फुंकर मारली,
अंगठ्याने दाबून परत बसवलं.

म्हातारा थोडा वेळ काही बोलला नाही.
मग त्याने मान वर केली, छताकडे.
"एवढा वारा आहे?"
"आहे."
"कधीपासून?"