ओळ एक्केचाळीस

एन्स्खेडेत पूर्वी माग होते.
जिथं धोट्यांची खडखड थांबली
त्या लाल विटांच्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
आमची कंपनी माणसाच्या मेंदूत तारा बसवते.
केसाहून बारीक, म्हणतात.
मी फक्त त्यांची बिलं पाहिली आहेत.

मी हिशेबनीस.
मला सगळे एकच विचारतात:
धावपट्टी किती उरली?
म्हणजे, अजून किती महिने पगार होतील.
विमान उडेल का, हे कुणी विचारत नाही,
मीही सांगत नाही.
फेब्रुवारीत उत्तर होतं, सात.

वेसलच्या आलेखावर मात्र रेघ
खालच्या कोपऱ्यातून उठते आणि छताला भिडते.
दहा वर्षांत इतके अब्ज, तितके रुग्ण,
अर्धांगवायू, कंपवात, उदासी,
जगातल्या दुखण्यांची बेरीज करून
तिला तो बाजारपेठ म्हणतो.
माणूस वाईट नाही.
दोन महिने त्यानं स्वतःचा पगार उचललेला नाही
आणि ते फक्त मला माहीत आहे.

मंगळवारी ॲम्स्टरडॅमहून तिघं गुंतवणूकदार आले,
कोट न काढता बसले.
त्यांच्यासमोर चाकाच्या खुर्चीतून आणली
फेन्ना वोल्टेरिंक, वय अडुसष्ट.
सतराव्या वर्षी ती याच मजल्यावर
कापडातल्या गाठी वेचायची.
आता मानेखाली काही हलत नाही, जीभही नाही.
ती मनात हात उचलते
आणि पडद्यावरचा बाण सरकतो,
एकेक अक्षर टिपतो,
गाठ वेचावी तसा.

ठरलं होतं, तिनं ‘शुभ सकाळ’ लिहायचं.
आठवडाभर सराव झाला होता.
तिघांतल्या एकीनं फोन उंच धरला.

बाण अडखळला. मागं गेला.
वेसल म्हणाला, आज सिग्नल जरा...
मग चार मिनिटं
खोलीत फक्त यंत्राच्या पंख्याची घरघर,
आणि पडद्यावर:

तुमचे पैसे संपले की
बॅटरी कोण बदलणार

प्रश्नचिन्हापर्यंत पोचायला
तिला आणखी अर्धं मिनिट लागलं.
तिनं ते सोडलं नाही.

कुणीतरी हसलं. फोन खाली आला.
सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं आणता येत नाही, असं म्हणणाऱ्यानं
माझं काम केलेलं नसावं.
पैशाचं सोंग मी नऊ वर्षं रोज सकाळी आणतो,
दुपारपर्यंत ते बसतंही अंगाला.
त्या खोलीत उत्तराचं सोंग
कुणालाच आणता आलं नाही.

रात्री मी तक्त्यात एक ओळ घातली.
एक्केचाळीसावी.
फेन्ना, बॅटरी, शस्त्रक्रिया, वीस वर्षं.
आकडा भरला.
सात महिन्यांचे चार झाले.

वेसलनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
म्हणाला, खोडू नकोस. पण लपव,
निदान पुढची बैठक होईपर्यंत.
तक्त्यात ओळ लपवता येते.
चाळीसनंतर एकदम बेचाळीस दिसते,
बघणाऱ्याला कळतं,
बघायचं असेल तर.

जूनमध्ये त्या फोनवालीचा फोन आला.
पैसे देऊ, मागितलेत त्याच्या निम्मे,
बाकीचे पुढच्या चाचण्या यशस्वी झाल्यावर.
मी लिहून घेत होतो.
मग म्हणाली, एक विचारू?
एक्केचाळीस कुठं आहे?

मी ओळ उघडली. वाचून दाखवली.
तारेच्या त्या टोकाला शांतता.
मला वाटलं, आता निम्म्याचेही निम्मे.

वीसच का? तिनं विचारलं.

काय सांगणार होतो.
मी अडुसष्टात वीस मिळवले होते
आणि तिथं थांबलो होतो.